टॉवेलाखालची इंग्रजी

हर्षाली मॅडम पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या वेणीची तक्रार घेऊन.

“आज्जा, शुभांगीच्या वेण्या कोण घालतं?”

“मीच घालतो. का हो?”

“पोरीला खाली बघता येईना. फळ्याकडं बघते, पण वहीत बघायचं म्हटलं की भुवया वर ओढल्या जातात.”

शुभांगी माझी नात, चौथीला आहे. मी बंडप्पा. सगळा जन्म बैलांच्या बाजारात दलाली करण्यात गेला. कासरा वळणं, वेसण वळणं हेच हाताला ठाऊक. श्रावणात माझी बायको महादेवी गेली आणि नातीच्या वेण्या माझ्याकडं आल्या. वेणी सुटली नाही पाहिजे एवढंच मला कळत होतं, आणि माझी वेणी सुटत नव्हती.

मॅडम ओट्यावर बसल्या. शुभांगीला पुढ्यात घेऊन त्यांनी वेण्या सोडल्या आणि परत घालून दाखवल्या.

“इथं ढील द्यायची, आज्जा. पोरगी दावं तोडून पळत नाही.”

शुभांगी खुदकन हसली. मी चहा ठेवला. तिला बिस्किटं किती द्यायची ते विचारायचं होतं, म्हणून खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला आणि खालून हात दिला. तिनं माझी दोन बोटं दाबली. मी दोन बिस्किटं आणून दिली.

“हे काय होतं?” मॅडमनी विचारलं. त्या धाराशिव शहरातल्या. त्यांनी गुरांचा बाजार आतून बघितलेला नव्हता.

मी सांगितलं. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत भाव फुटला की सौदा बिघडतो. म्हणून दलाल हातावर टॉवेल टाकतो आणि खालून घेणाऱ्याचा हात धरतो. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा धरला की पाच. मग तसाच देणाऱ्याचा हात धरतो. वर तिघांची तोंडं कोरी. आता पावत्या आल्या, तरी आमच्याकडची जुनी माणसं अजून टॉवेल टाकतात.

“आणि घरात?”

“घरात महादेवीनं चालू केलं. बाजारातून आलो की वरडून वरडून माझा घसा बसलेला असायचा. तिनं एकदा पदर पुढं केला आन् म्हणाली, किती भाकरी ते हितं सांगा. तवापासून तीच रीत पडली.”

एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. सोलापूरच्या दवाखान्यात महादेवीच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. चादरीखाली तिनं माझा हात धरला आणि दोन बोटं दाबली. घरी जाऊन दोन भाकरी खावा, असं तिचं म्हणणं. मी घरी आलो, पण घास उतरला नाही. आता शेजारची रुद्रम्मा आम्हाला भाकरी करून देते. मी एक खातो आणि उठतो.

मॅडम टॉवेलाकडं बघत होत्या. “आज्जा, माझ्या पोरांना इंग्रजी शब्द येतात. खेळ लावला की हातपाय हलवतात. टच युवर नोज म्हटलं की सगळी नाकाला हात लावतात. चेंडू टाकला की झेलतात. पण तोंड कुणी उघडत नाही. हा टॉवेल मला वर्गात पाहिजे.”

“घिऊन जावा की.”

“टॉवेल एकटा काय करंल? तुम्ही पण या.”

एरवी मी गेलो नसतो. पण त्याच आठवड्यात गौरीशंकरचा फोन आला होता. गौरीशंकर माझा मुलगा. चाकणला कंपनीत आहे, सूनही तिथंच पॅकिंगला. दोघांच्या शिफ्टा, राहायला एक खोली, म्हणून शुभांगी लहानपणापासून आमच्याजवळ.

तो म्हणाला, “अप्पा, जूनपासून तिला लातूरला हॉस्टेलच्या इंग्रजी शाळेत टाकतो.”

“हितं काय वाईट हाय?”

“हितं तिला इंग्रजीचा एक शब्द बोलता येत न्हाई. मी फोनवर विचारतो, व्हॉट इज युवर नेम, तर ही गप्प.”

“तिला येतंय रे.”

“येतंय तर बोलत का न्हाई?”

ती मराठीतसुद्धा कमीच बोलायची. मी म्हणालो, “आन् बोलली तर?”

“फेब्रुवारीत शाळेचा बालबाजार असतो न्हवं? तवा येतो. बोलली तर बघू.”

मला इंग्रजीचं काही पडलं नव्हतं. पोरगी जायला नको होती, बस. संध्याकाळी घरात दुसऱ्या माणसाचा वावर पाहिजे. ते माणूस चौथीतलं असलं तरी चालतं.

शाळा आमच्या वस्तीवरच आहे, अणदूरच्या रस्त्याला. सातवीपर्यंत वर्ग आहेत. मी गेलो तेव्हा मॅडमनी बाकं भिंतीला लावली होती आणि मधे मोकळी जागा केली होती. पोरांनी पोळ्याला करतात तसे मातीचे बैल करून आणले होते. मॅडमनी खेळ समजावला. एकानं विकायचं, एकानं घ्यायचं, मधे दलाल. टॉवेलाखाली भाव करायचा आणि बोलायचं सगळं इंग्रजीत.

“स्टार्ट,” मॅडम म्हणाल्या.

पोरं लगेच कामाला लागली. टॉवेल पडले, हात खाली गेले, बोटं दाबली गेली. कुणी मान हलवली, कुणी मान नकारार्थी झटकली. एकानं तर बापासारखा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत विचार केला. थोड्या वेळात सगळे सौदे पार पडले. वर्गात सुई पडली असती तर ऐकू आली असती.

मॅडम मधोमध उभ्या होत्या. “अरे, बोला ना.”

अमरसिंह म्हणून एक पोरगा आहे, त्याचे वडील माझ्याकडून बैल घ्यायचे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, बाजारात तोंडानं भाव सांगत न्हाईत. फुटतो.”

“इंग्रजीत सांगितला तरी?”

“इंग्रजीत तर लईच फुटंल. समदे कान टवकारून ऐकत्याल.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं. थांबवता येईना, म्हणून टॉवेलानं तोंड पुसल्यासारखं केलं. महादेवी गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

“आज्जा, तुम्ही हसताय,” मॅडम म्हणाल्या. “बोलायचा खेळ आणायला गेले आणि तुमच्याकडून मुक्याचा खेळ घेऊन आले.”

मग त्याही हसल्या आणि बाकावर बसल्या.

घरी येताना मी विचार करत होतो. बाजारात भाव मुका असतो, मग माझा घसा कशानं बसायचा? दिवसभर मी कशाला ओरडत होतो? बैलाला नावं ठेवायला आणि नावाजायला. घेणारा खोडी काढतो, शिंग आखूड, पाय वाकडा, वय झालंय. देणारा त्याला उत्तर देतो. हे सगळं मोठ्यानं चालतं, चार माणसं गोळा होतात. टॉवेल पडतो तो त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी खडू हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. शिंगाला हॉर्न, शेपटीला टेल, दाताला टीथ. मग एक नियम केला. खोडी काढल्याशिवाय आणि तिला उत्तर दिल्याशिवाय टॉवेल टाकायचा नाही. उत्तर कसं द्यायचं तेही त्यांनीच शोधलं. खोडी नाकारायची नाही. व्हय म्हणायचं, आणि मग ‘बट’ म्हणून पुढं बोलायचं. ही इज ओल्ड, बट ही इज स्ट्राँग.

मी बाजारात एवढी वर्षं काढली, पण खोडी कबूल करून बैल विकायचं मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही कबूलच करत नव्हतो.

त्या ‘बट’नं वस्तीवर धुमाकूळ घातला. अमरसिंह उशिरा शाळेत आला की म्हणायचा, “आय ॲम लेट, बट आय ॲम हिअर.” रणधीर म्हणून त्याचा दोस्त, त्याच्या आईनं भाजी खारट केली तर ताटावरून म्हणाला, “सॉल्ट इज मोर, बट मदर इज गुड,” आणि त्या माउलीला काहीच कळलं नाही म्हणून वाचला. रुद्रम्मा एकदा भाकरी घेऊन आली आणि मला म्हणाली, “एक कड करपलीय. बट खावा.”

सगळी पोरं बोलू लागली. शुभांगी सोडून.

टॉवेलाखाली तिच्यासारखं कुणी नव्हतं. दुसऱ्याचा हात धरला की तो खरा भाव सांगतोय की चाचपतोय, हे तिला कळायचं. पण खोड्या काढायची वेळ आली की ती खाली मान घालायची. वेणीला आता ढील होती, त्यामुळं मान चांगली खाली जायची.

मी तिला घरी तयारी करून घेऊ लागलो. गोठ्यात आमची हरणी नावाची गाय आहे. तिच्यापुढं उभं राहून मी पाठ केलेलं म्हणायचो, “हर टेल इज शॉर्ट.” शुभांगी उत्तर द्यायची नाही. हरणीच माझ्याकडं वळून बघायची.

एक दिवस मी विचारलं, “बाळा, तुला येतंय का न्हाई?”

तिनं मान हलवली. येतंय.

“मग बोलत का न्हाईस?”

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि वाट बघत उभी राहिली. पण अशा गोष्टीचं उत्तर बोटांत कसं येणार? मी हात दिला. तिनं बोट दाबलं नाही, नुसता हात धरला.

बालबाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप होता. एकीकडं भाजीचे, भेळीचे गाळे, आणि लिंबाखाली मातीच्या बैलांचा बाजार. मॅडमनी मला दलाल नेमलं होतं. मी इस्त्रीचं धोतर नेसलो, डोक्याला पटका बांधला आणि नवा टॉवेल घेतला. देवळातून आणलेला भंडारा वाटीत ठेवला होता, कारण आमच्या बाजारात सौदा ठरला की बैलाच्या पाठीवर भंडारा टाकतात.

गौरीशंकर सकाळच्या गाडीनं आला. पँट, बूट, खिशाला कंपनीचं कार्ड तसंच. तो सरळ शुभांगीपुढं येऊन उभा राहिला. तिच्या बैलाचं एक शिंग येताना पिशवीत मोडलं होतं.

त्यानं लिंबाजवळच्या फळ्यावर लिहिलेले प्रश्न सोडून भलतंच विचारलं. “व्हाय शुड आय बाय धिस बुल?”

हे मॅडमनी शिकवलेलं नव्हतं. शुभांगीनं मान खाली घातली. अमरसिंह आणि रणधीर आपले सौदे सोडून आले. मॅडम जवळ आल्या. मला उत्तर येत नव्हतं, आणि आलं असतं तरी दलालानं देणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं नसतं.

गौरीशंकरनं बैल उचलून बघितला. “हिज हॉर्न इज ब्रोकन,” तो म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. त्याला ती बोलायला हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

शुभांगीनं बैल त्याच्या हातातून काढून घेतला.

“यस,” ती म्हणाली. “हॉर्न इज ब्रोकन. बट ही वर्क्स.”

“ही इज ओल्ड,” गौरीशंकर म्हणाला.

“यस. ही इज ओल्ड. बट ही गेट्स अप अर्ली. ही मेक्स टी.”

मॅडमनी तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं, पोरगी घाबरून चुकली. बैल चहा कसा करील?

“ही डज नॉट टॉक,” शुभांगी पुढं म्हणाली. आता ती कुणाच्या खोडीची वाट बघत नव्हती, स्वतःच खोड्या काढत होती. “बट ही लिसन्स. ही मेक्स बॅड वेणी. बट नाऊ गुड वेणी. ही ईट्स ओन्ली वन भाकरी. ही इज सॅड. बट इफ आय गो, ही विल ईट नो भाकरी.”

यातले वेणी आणि भाकरी हे दोनच शब्द मला समजले. या बैलाला वेणी कशाला, ते समजेना. रणधीरनं माझं धोतर ओढलं.

“आज्जा, ती बैलाचं न्हाई सांगायली. तुमचं सांगायली.”

मी बैलाकडं बघितलं. मोडक्या शिंगाचा, जरा एका अंगाला कललेला. पोरीनं सांगितलेल्यात खोटं काही नव्हतं.

गौरीशंकरनं बुटाच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाला, “अप्पा, टाका टॉवेल. पण भाव रुपयांत न्हाई. ही अजून किती वर्षं हितं राहणार, त्याचा भाव करू.”

शुभांगीनं ते ऐकलं आणि ताठ उभी राहिली.

मी टॉवेल टाकला. खालून गौरीशंकरचा हात धरला. लहानपणी याच हाताला धरून मी त्याला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत बैल दाखवले होते. त्यानं एक बोट दाबलं. एक वर्ष.

मी टॉवेल शुभांगीकडं नेला आणि एक बोट दाबून तिला सांगितलं. तिनं माझी तीन बोटं धरली आणि घट्ट दाबली. पाचवी, सहावी, सातवी. शाळा संपेपर्यंत.

आता मी गौरीशंकरकडं वळलो. तिचा भाव फक्त मला ठाऊक होता, आणि माझा हात पंजा द्यायला शिवशिवत होता. पाच सांगावेत, तो घासाघीस करील, चारावर येईल. बाजारात असं करणारे दलाल मी बघितले होते, आणि त्यांच्याकडं लोक परत येत नाहीत हेही बघितलं होतं. मी तीन बोटं दाबली.

गौरीशंकरनं दोन दाबली. मी ते शुभांगीला दिलं. तिनं परत तीन.

“अप्पा, दोन लई झाली,” गौरीशंकर मोठ्यानं म्हणाला.

“भाव फोडू नका,” अमरसिंह त्याच्यावर खेकसला.

गौरीशंकरनं हात काढून घेतला आणि निघाला. बाजारात घेणारा असाच निघतो, मागून हाक येईल या हिशेबानं. मी शुभांगीकडं बघितलं. ती हाक मारील, दोनवर तयार होईल, असं वाटलं. दोन वर्षंसुद्धा मला पुष्कळ होती.

तिनं बैल नीट उभा केला, बापाच्या पाठीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि रणधीरला म्हणाली, “नेक्स्ट कस्टमर, प्लीज.”

गौरीशंकर थांबला. वळला तेव्हा तो हसत होता, आणि हसताना त्याची आई दिसत होती. परत येऊन त्यानं माझ्या टॉवेलाखाली हात घातला आणि तीन बोटं दाबली.

“ठरलं,” मी म्हणालो.

“सोल्ड,” शुभांगी म्हणाली.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी भंडारा घेऊन बैलाच्या पाठीवर टाकला. शुभांगीनं वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. “बाजाराचा नियम,” ती म्हणाली, आणि असा नियम नव्हता, पण मी मान पुढं केली.

हर्षाली मॅडम गौरीशंकरला म्हणाल्या, “दादा, तुमचा प्रश्न सिलॅबसबाहेरचा होता.”

“मॅडम, उत्तर बी बाहेरचंच होतं,” तो म्हणाला. “बट चांगलं होतं.”

संध्याकाळी रुद्रम्मा भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन आली. गौरीशंकर दुसऱ्या दिवशी जाणार होता. मोडक्या शिंगाचा बैल त्यानं रुमालात गुंडाळून पिशवीच्या अगदी वर ठेवला होता, दबू नये म्हणून.

आम्ही तिघं जेवायला बसलो. शुभांगीनं वाढायला घेतलं. मला वाढताना ती थांबली, माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात दिला. एरवी मी तिला विचारायचो. त्या दिवशी तिनं मला विचारलं.

मी दोन बोटं दाबली.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मी चाचपतोय की खरं सांगतोय ते बघायला. मग एकावर एक दोन भाकरी ताटात ठेवल्या.

दुसरी जरा करपलेली होती. बट मी खाल्ली.